जाऊबाईंची बोलकी काठी

मुलींना पडायला शिकवणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. जाफराबादच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका होते आणि आमचा खो-खोचा संघ तालुक्यात कुणाला ऐकत नसे. सूर मारायला शिकवायच्या आधी मी प्रत्येक नव्या मुलीला मैदानावर पडायला लावायची. हनुवटी छातीला, हात ताठ टेकवायचा नाही, खांद्यावरून लोळण घ्यायची आणि त्याच झटक्यात उभं राहायचं. काळ्या मातीत घोळून मुली घरी गेल्या की त्यांच्या आया माझ्या नावानं बोटं मोडायच्या. पण माझ्या हाताखाली एकाही मुलीचा हात मोडला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

माझा स्वतःचा हात मोडला तो निवृत्तीनंतर, घरच्या अंगणात, दोरीवरची गोधडी काढताना. गोधडीचं टोक पायात आलं, मी वळले आणि पडले. पडताना नेमका तोच हात ताठ टेकवला. मनगटातून कट्‌ आवाज आला. आमचे हे आत बातम्या बघत होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा. मी मैदानावर मारायची तशी हाक मारली तेव्हा शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि मग धावाधाव झाली.

जालन्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी माझे पाय तपासले, डोळे मिटून उभं राहायला लावलं, आणि मी झोकांडी खाल्ली तेव्हा मला धरलं.

“बाई, साखरेमुळे तळपायाची जाणीव कमी झालीय तुमच्या. जमीन कशी आहे ते पायाला वेळेवर कळत नाही. काठी वापरा.”

मला हसू आलं. “डॉक्टरसाहेब, मी अजून रोज सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारते.”

“त्या सोडायच्या नसतील तर वापरा,” ते म्हणाले.

हे मला पटण्यासारखं होतं, तरी मी काठी घेतली नाही. प्लास्टर निघालं आणि मी पुन्हा मैदानावर जायला लागले. त्यानंतर एकदा मी न्हाणीत घसरले. नळ हाताशी होता म्हणून वाचले. हे कुणाला सांगितलं नाही, पण माझी मुलगी पुण्याहून फोनवर नुसत्या आवाजावरून ओळखते.

“आई, काय झालं?”

“काही नाही.”

“पडलीस ना परत?”

पुढच्या सुट्टीत ती आली ती काठी घेऊनच. तिचं काम कॉम्प्युटरचं, त्यामुळे तिला असल्या गोष्टींची माहिती असते. काठी काळी, हलकी, खाली रबराचे चार पाय असलेली. मूठ मात्र जाड, टॉर्चसारखी, आणि सगळी करामत त्या मुठीत. अंधार पडला की पुढे उजेड पडायचा. चालताना तोल एका बाजूला जायला लागला की मूठ हातात थरथरायची. एक लाल बटण होतं, ते दाबलं की घरच्यांना फोन. आत सिमकार्ड आणि बारीक स्पीकर, म्हणजे काठीतूनच बोलता यायचं. आणि काठी आडवी पडली, थोड्या वेळात कुणी उचलली नाही, तर माणूस पडलं असं समजून ती आपल्या मनानंच फोन लावायची. पहिला मुलीला, दुसरा यांना, तिसरा शेजारणीला. रात्री मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची, एवढंच.

“ही म्हाताऱ्या माणसांची आहे,” मी म्हणाले.

“ही पडणाऱ्या माणसांची आहे,” मुलगी म्हणाली. ती माझ्यावर गेली आहे.

पहिल्याच आठवड्यात काठीनं माझी पुरती शोभा केली. मी ती दाराशी टेकवून शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेले होते. वाऱ्यानं दार आपटलं, काठी आडवी झाली. मुलीनं पुण्याहून हॅलो हॅलो करून पाहिलं. रिकाम्या घरातून कोण उत्तर देणार? तिनं यांना फोन केला. हे बाजारात होते, त्यांना धड ऐकू आलं नाही, ‘आई पडली’ एवढंच कळलं. शेजारीण आमच्या घरात शिरून पलंगाखालीसुद्धा बघून आली. मी ओटीत नारळ आणि कपाळाला कुंकू घेऊन परतले तर अंगणात अर्धी गल्ली उभी आणि हे रिक्षातून भाजीच्या पिशवीसकट उतरताहेत. मला धडधाकट पाहून यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग ते रागावले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना एवढं रागावलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही.

“तू काठी घरी ठेवून गेलीस कशी?” ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी काठी हातात घेतली. यांच्यासाठी घेतली असं म्हटलं तरी चालेल. पण एकदा घेतल्यावर ती नीट वापरायची, हा माझा स्वभाव. नवी खेळाडू संघात आली की तिच्यात काय आहे हे मी आधी बघायची, तसं मी या काठीकडे बघायला लागले. ती नेमकी कधी थरथरते? सरळ चालताना नाही. फाटकाच्या उंबऱ्यावर नाही, तिथे मी आपोआप जपून पाय टाकते. चढावर नाही, उतारावर क्वचित. थरथरायची ती वळताना. कुणी मागून हाक मारली की मी गर्रकन वळायची आणि मूठ मधमाशीसारखी गुणगुणायची.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी अजून खो-खोसारखी वळत होते! एका पायावर भार, दुसरा पाय पुढून ओढून घ्यायचा आणि खांबाभोवती फिरल्यासारखं फिरायचं. सारं आयुष्य मुलींना मी तसंच वळायला शिकवलं होतं आणि माझ्या अंगात ते इतकं मुरलं होतं की चहाचा कप ठेवायला वळतानासुद्धा मी तसंच वळत होते. तळपाय पहिल्यासारखे राहिले नव्हते, पण वळण तेच होतं. अंगणात गोधडी काढतानाही मी तशीच वळले असणार.

मग मी स्वतःलाच शिकवायला घेतलं. वळायचं तर बारीक बारीक पावलं टाकत, सबंध अंगानं. हाक आली तरी आधी थांबायचं, मग वळायचं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. जालन्याच्या डॉक्टरांकडे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, तिनं दाखवलेलं सगळं मी न चुकता करायची. ती म्हणाली, “बाई, तुमच्यासारखी पेशंट मिळत नाही.” मी म्हणाले, “मी पेशंट नाही, मी सरावाला येते.” हळूहळू काठीची थरथर कमी होत गेली. शाळेच्या मैदानावर मी काठी घेऊन फेऱ्या मारायला लागले आणि पूर्वीपेक्षा निर्धास्त चालायला लागले.

आता जाऊबाईंचं सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई, यांच्या मोठ्या भावाच्या पत्नी. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. जाऊबाई मुलगा-सुनेबरोबर गावी राहतात. गाव जाफराबादपासून जीपच्या अंतरावर. शेतात कापूस, सोयाबीन, दारात म्हैस. मी संघ घेऊन गावोगाव हिंडायची तेव्हा माझ्या मुलीला जाऊबाईंनीच सांभाळलं. मला त्या मास्तरीण म्हणतात, पहिल्या दिवसापासून.

एका सणाला गावी गेले होते. पुरणपोळी वाढताना त्यांच्या कोपरावर निळं-जांभळं दिसलं.

“हे काय झालं, बाई?”

“म्हशीनं शिंग लावलं.”

म्हशीचं शिंग कोपराला आतल्या बाजूनं कसं लागेल? स्वयंपाकघरात त्यांच्या सुनेला विचारलं. ती हळूच म्हणाली, “काकू, आत्याबाई दोनदा पडल्या. मागं गोठ्यात पडल्यात्या. कुणाला सांगू नको म्हनल्या. आम्ही दिसभर वावरात असतो, घरी त्या एकल्याच. माझं ध्यान लागत न्हाई कामात.”

दुपारी जाऊबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी माझी काठी घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि सरळ विषय काढला.

“बाई, काठी घ्या हातात.”

“म्या न्हाई धरायची काठी. काठी धरली की लोकं म्हातारी म्हनत्यात.”

“मी धरली ना?”

“तू मास्तरीण हायस. तुझ्या हातात छडी शोभती.”

मी काठी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, “बरं, नका धरू. नुसती अंगणात फिरवून बघा, कशी आहे ते सांगा.”

त्या उठल्या. तुळशीपर्यंत गेल्या, वळल्या आणि मूठ थरथरली. त्यांनी काठी टाकूनच दिली.

“अगं माय, जित्ती हाय का काय ही!”

“तुमचा तोल गेला हे तिला कळलं.”

“माझा कुठं गेला तोल?” असं म्हणून त्यांनी काठी उचलली, पुन्हा तुळशीपर्यंत गेल्या, पुन्हा वळल्या. पुन्हा थरथर. तिसऱ्यांदा त्या सावकाश वळल्या, काठी गप्प राहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या शाळेतल्या मुलींसारखं हसू आलं. जिंकल्याचं.

मुलीला सांगून मी दुसरी काठी मागवली. त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, गोठ्यात कुठल्या कंपनीचं नेटवर्क मिळतं ते पाहून तसलं सिम आणलं. काठी पडली तर पहिला फोन कुणाला जाणार, यावर चर्चा झाली. पुतण्या वावरात, फवारणीच्या पंपाच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? म्हणून पहिला नंबर माझा ठेवला.

जाऊबाईंना काठीतला उजेड सगळ्यांत आवडला. पहाटे गोठ्यात जायला तो बरोबर पडायचा. चार्जिंग संपत आलं की काठीतून एक बाई हिंदीत सांगायची, “बैटरी कम है.” जाऊबाई सुनेला हाक मारून सांगायच्या, “अगं, हिला भूक लागली, जल्दी लाव त्या भोकात.” पण त्यांना एक सवय होती. वैरण टाकताना दोन्ही हात लागतात, म्हणून त्या काठी खाली आडवी ठेवायच्या. की इकडे माझा फोन वाजलाच. मी उचलायची आणि म्हणायची, “बाई, काठी उभी करा.” काठीला चार पाय आहेत, ती आपली आपण उभी राहते, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्या म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे. त्या निमित्तानं तुझा आवाज येतो कानावर.” त्यामुळे तो फोन आला की मी घाबरायची नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. दुपारी मी जाफराबादला घरी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. फोन वाजला. जाऊबाईंची काठी. मी उचलला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “बाई, काठी उभी करा.”

म्हैस हंबरल्याचा आवाज आला. मी पुन्हा म्हणाले, “बाई?”

“मास्तरीण,” त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा होता, “म्या पडले गं.”

मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. यांना खूण करून बोलावलं, पाटीवर मोठ्या अक्षरात ‘जाऊबाई पडल्या, पुतण्याला फोन लावा’ असं लिहिलं. ही पाटी आमच्या घरी असतेच. टीव्ही चालू असताना यांच्याशी बोलायचा तो माझा मार्ग. हे लगेच त्यांचा मोबाईल घेऊन अंगणात गेले. मी फोन कानाला घट्ट धरला. आवाज कापू द्यायचा नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. मैदानावर मुलगी पडली की ती आधी बाईंच्या तोंडाकडे बघते. बाई घाबरली की तीही घाबरते.

“मी आहे, बाई. काठीतून बोलतेय. कुठं पडलात?”

“गोठ्यात. शेणाच्या पान्यावरून पाय सरकला. थांब, उठते म्या.”

“उठायचं नाही,” मी जरा जोरातच म्हणाले. “आहे तसंच पडून राहायचं. आधी श्वास घ्या. लांब. सोडा. आता सांगा, डोकं आपटलं का?”

“न्हाई.”

“कुठं दुखतंय?”

“ढोपर सोललं. दुसरं दुखत न्हाई. शरम वाटून राह्यली.”

“शरमेचं नंतर बघू. डावा पाय हलवा.”

“हालला.”

“उजवा?”

“हालला.”

“मांडीच्या सांध्यात कळ येते का? पाय नेहमीसारखा सरळ आहे, का बाहेरच्या बाजूला वळलाय?”

मग त्या म्हणाल्या, “कळ न्हाई. पाय सरळ हाय बिलकुल.”

मला जरा हायसं वाटलं. अंगणात यांच्याकडे पाहिलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुतण्या फोन उचलत नव्हता. मग त्यांना काय सुचलं, त्यांनी गावातल्या किराणा दुकानदाराला फोन लावला. दुकान वेशीपाशी, आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. कुणीतरी येईल, पण वेळ लागेल. तोपर्यंत जाऊबाई त्या ओल्या फरशीवर म्हशीच्या पायांपाशी पडून राहणं मला बरं वाटेना.

“बाई, म्हैस किती लांब आहे?”

“ही काय, तोंडापाशी. बघून राह्यली माझ्याकडं.”

“तिला बघू द्या. आता मी सांगते तेवढंच करायचं. पुढचं काही करायचं नाही. चालेल?”

“सांग.”

“कुशीवर वळा. डाव्या. सावकाश.”

“वळले.”

“आता उजवा तळहात छातीसमोर जमिनीवर टेकवा. डावं कोपर खाली. दोन्हींवर रेटा द्या आणि अंग वर उचला. दम लागला तर थांबा.”

त्यांच्या कण्हण्याचा आवाज आला, बांगड्या फरशीवर वाजल्या. “झालं. कोपरावर हाय म्या. दाव्याला धरून उठू का?”

“नाही!” मी ओरडलेच. “म्हैस हलली की तुम्ही परत खाली. दाव्याला हात लावायचा नाही. गव्हाण कुठं आहे?”

गव्हाण म्हणजे जनावरांना वैरण टाकायची जागा. आमच्या गोठ्यात ती विटा-सिमेंटची, कमरेच्या जरा खाली येईल एवढी.

“समोर. थोडी लांब हाय.”

“तिथपर्यंत रांगत जायचं.”

“रांगत? म्या काय लेकरू हाय का गं?”

“हो, आज आहात. लुगडं गुडघ्याखालून काढून घ्या, नाहीतर पायात अडकेल. काठी हातानं पुढं ढकलत न्या, मला ऐकू आलं पाहिजे.”

काठी फरशीवर घासत गेल्याचा आवाज मी ऐकत राहिले. मधेच तो थांबला.

“बाई?”

“दम खाऊन राह्यले.”

“खा. घाई नाही कुणाला.”

पुन्हा घासण्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, “पोचले. धरली गव्हाण.”

“शाब्बास!” हा शब्द माझ्या तोंडून शाळेतल्या आवाजात निघाला. हे अंगणातून धावत आत आले, त्यांनाही तो ऐकू गेला होता. “दोन्ही हात गव्हाणीवर. न सोललेला पाय पुढं, तळपाय पूर्ण जमिनीवर. दुसरा गुडघा तसाच खाली. आता हातावर आणि त्या पायावर जोर. उठा.”

एक लांब श्वास, एक मोठं ‘हुं’.

“मास्तरीण,” काठीतून आवाज आला, आणि आता तो वरून येत होता, “उभी हाय म्या.”

“चालायचं नाही लगेच. गव्हाणीच्या काठावर बसा. चक्कर येते का बघा.”

“न्हाई येत. बसते.” आणि मग थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, “रडू येऊन राह्यलंय गं. पडले तव्हा न्हाई आलं.”

मलाही आलं. यांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. मग आम्ही दोघी फोनवर तशाच बसून राहिलो, त्या तिकडे गव्हाणीवर, मी इकडे शेंगांच्या टरफलात, दुकानदार मोटारसायकलवर पोचेपर्यंत. तो धापा टाकत “आजी, आजी” करत आला हे मला ऐकू आलं. जाऊबाई त्याला म्हणाल्या, “वरडू नको. उठले म्या माझ्याच हातानं. घरातून पानी आन.”

आम्ही मिळेल त्या जीपनं गावी पोचलो तोवर पुतण्या आणि सूनही वावरातून आले होते. जाऊबाई ओट्यावर पाय सोडून बसलेल्या, ढोपराला हळद लावलेली, भोवती आयाबाया, आणि त्या सगळ्यांना रांगायचं कसं ते हातवारे करून सांगत होत्या. मला बघून थांबल्या. उठायला लागल्या, मीच जाऊन त्यांना बसवलं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना जाफराबादला दाखवलं. फोटो काढला, हाड कुठे मोडलेलं नव्हतं. पण मी तेवढ्यावर परत पाठवणारी नव्हे. पडण्याची कारणं शोधायची ठरवली. डॉक्टरांनी डोळे पाहिले तर दोन्हींत मोतीबिंदू. गोठ्यातली ओली फरशी आणि कोरडी फरशी त्यांना सारखीच दिसत होती. पुढे जालन्याला नेऊन आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पुतण्यानं गोठ्यातली गुळगुळीत फरशी छिन्नीनं टोचून खडबडीत केली, भिंतीला नळाच्या पाइपाचा धरायला दांडा बसवला. जाऊबाईंनी वैरण टाकताना काठी उभी ठेवायला सुरुवात केली. मला फोन येणं बंद झालं. मग त्या आपल्या मनानं लाल बटण दाबून फोन करायला लागल्या.

“काय झालं, बाई?”

“काय व्हायचंय? जेवलीस का?”

डोळे बरे झाल्यावर त्यांनी आग्रह धरला की गावातल्या बायांना मी येऊन शिकवायचं. मला आधी वाटलं, कोण येणार? पण उन्हं कलल्यावर खळ्यावर सतरंज्या अंथरल्या तेव्हा म्हाताऱ्या, अर्ध्या म्हाताऱ्या, बऱ्याच जमल्या. काही नुसत्या बघायला आलेल्या. मी आधी खुर्चीतून उठणं-बसणं घेतलं, मग वळणं घेतलं. रांगायची वेळ आली तेव्हा सगळ्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, कुणी पुढे होईना. जाऊबाई उठल्या. लुगडं खोचलं, सतरंजीवर खाली बसल्या, कुशीवर झाल्या, कोपरावर आल्या आणि रांगत बाजेपर्यंत जाऊन बाजेला धरून उभ्या राहिल्या. मग एकेक बाई खाली बसायला लागली. बहुतेक बायांकडे साधीच काठी होती, काहींकडे तीही नव्हती. काठ्यांच्या टोकांना रबर बसवून घ्यायला मी सांगितलं, कमरेच्या मापानं उंची करून दिली. ज्यांची मुलं शहरात होती त्यांतल्या काहींनी तसली बोलकी काठीही मागवली.

यंदा जाऊबाईंच्या मनात राजूरच्या गणपतीला जायचं होतं. भाऊजी गेल्यापासून त्या गेल्या नव्हत्या. आधी दुखवटा, मग शेती, मग पडण्याची भीती. चतुर्थीची गर्दी टाळून आम्ही साध्या दिवशी गेलो, आम्ही दोघी आणि हे. पायऱ्यांच्या पायथ्याशी हे म्हणाले, “वहिनी, मी हात धरतो.”

“हात मोकळा ऱ्हाऊ द्या, कठड्याला धरायचाय,” त्या म्हणाल्या.

एका हातात कठडा, एका हातात काठी, अशा त्या चढायला लागल्या. मी त्यांच्या एक पायरी मागे. आधी चांगला पाय वर, मग दुसरा, मग काठी. मधल्या सपाटीवर थांबल्या, खालच्या दुकानांकडे, हाराच्या टोपल्यांकडे, पलीकडच्या हिरव्या तुरीच्या शेतांकडे बघत राहिल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना ते सगळं लांबवर दिसत होतं.

एक तरुण जोडपं आमच्या शेजारून वर जात होतं. त्यातल्या मुलीनं काठीकडे बघून विचारलं, “आजी, ही लाइटवाली काठी कुठून आणली?”

“माझ्या पोरीनं धाडली पुन्याहून,” जाऊबाई म्हणाल्या.

पोरगी माझी. पण सांभाळली त्यांनी होती.

वर मंडपात दर्शनाची रांग थोडीशीच होती. गाभाऱ्यासमोर त्यांनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पावलांकडे पाहत होते. दोन्ही पायांत खांद्यांइतकं अंतर, भार दोन्हींवर सारखा, अंग कुठे हललं नाही. मागच्या माणसानं “चला, चला” केलं तेव्हा त्या डोळे उघडून, बारीक पावलं टाकत सबंध अंगानं वळल्या आणि माझ्याकडे हात पुढे केला.

“आन ती काठी,” त्या म्हणाल्या. “खाली उतरून च्या पिऊ.”